पंपात गेलेलं कासव

बनारसला सासरी मी चार वर्षं पोळ्या लाटल्या नाहीत. एवढ्या मोठ्या वैदिक घराण्यात सुनेला ही सवलत कशी मिळाली, असं बायका मला अजून विचारतात. शहराच्या सांडपाण्यामुळे मिळाली.

लग्न होऊन मी सांगलीहून आले ती रसायनशास्त्राची पदवी घेऊन. वर्षभरात मला मलजल शुद्धीकरणाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. नव्वदीची सुरुवातीची वर्षं होती. गंगा स्वच्छ करायची असं दिल्लीत ठरलं होतं आणि त्यासाठी बाटल्या भरणारं कुणीतरी बनारसमध्ये हवं होतं. सकाळी नाल्यांच्या तोंडाशी बाटल्या भरायच्या, मग नावेतून मधल्या धारेत, मग पार रामनगरच्या काठाला, आणि परत. दुपारी त्या बाटल्यांत काय काय आहे ते लिहायचं. ते वाचून कुणी काही करत असे की नाही, हे मला कधी कळलं नाही. पण माझं अक्षर चांगलं होतं.

सासर रामघाटावरचं. पाच-सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून आलेलं, दशग्रंथी. नवरा रेल्वेत, त्यामुळे घरच्या नाटकात त्याचा प्रवेश उशिरा आणि संवाद कमी. सासूबाई मी येण्याआधीच गेल्या होत्या. घरात सत्ता मामंजींची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, आणि स्वयंपाकघर जाऊबाईंचं.

नोकरी लागल्या दिवशी मामंजींनी मला समोर बसवलं.

"नेमकं काय करायचं असतं तिथे?"

"नाल्याचं पाणी तपासायचं असतं."

"हात लावून?"

"हातमोजे घालून."

मामंजी मीमांसक. शब्दाचा कीस काढल्याशिवाय ते उत्तर देत नसत. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले आणि निर्णय दिला. सुनेनं नोकरी करावी, त्याला शास्त्राची हरकत नाही. मात्र नोकरीच्या दिवशी तिनं चूल, पोळपाट आणि पाण्याची भांडी यांना शिवू नये. मी मान खाली घालून "बरं" म्हणाले. मान खाली घातली नसती तर माझा चेहरा दिसला असता.

जाऊबाईंना मात्र तो दिसलाच. "मजा आहे बाई तुझी," त्या कणीक तिंबत म्हणाल्या. "लोकांना देव तारतो. तुला नाला."

आमच्या घाटाशेजारीच एक नाला गल्ल्यांच्या पोटातून येऊन नदीत उतरत असे. त्याच्या तोंडाशी सरकारनं एक पंपघर बांधलं होतं. आत जमिनीत खोल, गोल, विटांची विहीर. नाल्याचं पाणी आधी लोखंडी जाळीतून जायचं. तिथे निर्माल्य, नारळ, चपला असं सगळं अडायचं. उरलेलं पाणी विहिरीत पडायचं. पंप ते उचलून वरच्या मोठ्या सीवरमध्ये ढकलायचा आणि तिथून ते शहराबाहेर आमच्या शुद्धीकरण केंद्रात यायचं. पंप बंद पडला की विहीर भरायची, ओसंडायची आणि सगळं थेट आमच्या घाटाच्या पायरीवर यायचं. बरोबर ज्या पायरीवर मामंजी पन्नासएक वर्षं रोज पहाटे स्नान करत, त्या पायरीवर.

माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी पंप वैशाखात जळाला. ज्येष्ठात मामंजींना कावीळ झाली. पावसाळ्यात पूर आला, घाट बुडाले, मामंजी अंथरुणावर होते. आश्विनात पूर ओसरला, पायऱ्या उघड्या पडल्या, नाला पुन्हा वाहू लागला, आणि एका पहाटे मामंजी खांद्यावर पंचा टाकून दारात उभे राहिले. पाय काठीसारखे झालेले. मी बाटल्यांची पेटी घेऊन निघालेच होते.

"मामंजी, डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"डॉक्टरला काय कळतं? गंगेला मिळाला की नालाही गंगाच होतो."

"मिळाला तर होतो ना?"

"म्हणजे?"

"तुमच्या पायरीपाशी तो अजून मिळालेला नसतो. मिळतो पंधरा हात पुढे. मी रोज बाटली भरते तिथे. तुमच्या पायरीवर तो नालाच असतो."

मामंजी म्हणजे वादसभांमधून आयुष्यभर शालजोड्या जिंकून आणलेला माणूस. समोरच्याचा मुद्दा बिनतोड असेल तर तो मानायचा, ही त्यांची शिस्त. त्यांनी पंचा खांद्यावरून काढला, घडी घातली आणि आत जाऊन जाऊबाईंना पाणी तापवायला सांगितलं. मी तापवलं असतं, पण मला भांड्याला शिवायची बंदी होती.

मी वाद जिंकले आणि घराची रया गेली. मामंजी मोरीत बसून निळ्या प्लॅस्टिकच्या बादलीला साती नद्यांची नावं ऐकवायचे. जेवण अर्ध्यावर आलं. गल्लीतल्या लोकांनी "पंडितजी, घाट पर नहीं दिखते?" असं विचारलं की ते कावीळ सांगायचे. खरं कारण त्यांना सांगवत नव्हतं.

मी वाटा सुचवल्या. पलीकडच्या घाटावर? तिथे ऐंशी पायऱ्या, आणि त्यांच्या पायांत तेवढ्या उरल्या नव्हत्या. नावेतून? "नावेत बसून पाय सोडणं म्हणजे स्नान नव्हे, करमणूक." मग मी रामनगरच्या काठाचं नाव काढलं. नदी तीच, दोन्ही काठांची; पण घाण सगळी आमच्याच काठाला लागून वाहायची आणि तिकडची बाटली नेहमी जास्त स्वच्छ निघायची. मामंजी माझ्याकडे दयेनं बघत म्हणाले, "त्या काठावर मेलं तर पुढचा जन्म गाढवाचा. नाहता नाहता गेलो तर?" यावर प्रयोगशाळेत उत्तर नव्हतं. पाणी तिकडचं चांगलं आणि मरण इकडचं, हा बनारसचा जुना पेच आहे.

आणि कार्तिक आला होता. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवसापासून महिनाभर, सूर्योदयापूर्वी, गंगेत स्नान. मुंज झाल्यापासून मामंजींचा एकही कार्तिक चुकला नव्हता, एकही दिवस नाही. एका संध्याकाळी जाऊबाईंनी मला जिन्यात गाठलं. "अगं, यंदा त्यांचं कार्तिकस्नान मोडलं ना, तर हा माणूस माघ बघायचा नाही. तुझ्या त्या पंधरा हातांचं काहीतरी कर."

मी चौकशी केली. नवा पंप आला होता. बसवलाही होता. त्याच्यावर ताडपत्री टाकून तो गेले दोन आठवडे बसून होता, कारण आमच्या साहेबांना तो पूजेशिवाय सुरू करायचा नव्हता. "पिछली बार बिना पूजा के चलाया था," ते मला म्हणाले. "जल गया. मैं वैज्ञानिक आदमी हूँ, लेकिन दो बार नहीं जलवाऊँगा." पूजेला भटजी मिळत नव्हता. चार जणांना विचारून झालं होतं. एकाला सुतक होतं, एकाला ताप होता, तिसऱ्याचे सासरे अचानक आजारी पडले आणि चौथ्यानं खरं कारण सांगितलं.

त्या रात्री जेवताना मी ही हकिकत जाऊबाईंना सांगितली. सांगितली त्यांना, पण आवाज मामंजींच्या मापाचा ठेवला. मामंजी भाताकडे बघत होते.

"त्या घरात आत काय असतं?" त्यांनी भातालाच विचारलं.

"विहीर असते. गोल, विटांची, तीस फूट खोल."

"पाणी वर काढतात?"

"यंत्रानं. मग शहराबाहेर नेऊन स्वच्छ करतात आणि शेतांना सोडतात."

"म्हणजे खोदलेला कूप," मामंजी म्हणाले, "आणि पाणी लोकांसाठी." त्यांनी भात संपवला. कित्येक दिवसांत पहिल्यांदा पूर्ण संपवला. मग माळ्यावर शिडी लावायला सांगितली.

आमच्या घराण्याची एक जुनी खासियत होती, ती मला त्या रात्री कळली. नव्या विहिरींची आणि तळ्यांची प्रतिष्ठा करणं, त्यांचं पाणी विधिपूर्वक सगळ्यांना देऊन टाकणं, हे काम पेशव्यांच्या काळापासून आमच्याकडे होतं. पण बनारसमध्ये पुष्कळ वर्षांत कुणी विहीर खणली नव्हती. नळ आले होते, आणि नळाची प्रतिष्ठा कुणी करत नाही. माळ्यावरून पोथी निघाली आणि पोथीबरोबर एक पत्र्याची डबी निघाली. डबीत काय आहे हे मी विचारायला हवं होतं. पण मी माझ्या हुशारीवर खूश होते, आणि खूश माणूस प्रश्न विचारत नाही.

मुहूर्त कोजागिरीच्या सकाळचा निघाला. साहेब आले, पंपघराच्या दारापर्यंत आले, आणि नाकाला रुमाल लावून तिथेच थांबले. पूजेला यजमान लागतो, तो आत बसावा लागतो. साहेबांनी तिथल्या तिथे आपले अधिकार पंप चालवणाऱ्या चाचांकडे सोपवले. चाचा म्हणजे साठीकडे झुकलेला, विडी कानात ठेवणारा गृहस्थ. वीस वर्षं त्या विहिरीच्या काठावर काढलेली. ते धुतलेलं धोतर नेसून मामंजींच्या समोर मांडी घालून बसले. त्यांची जात कोणती, हे मामंजींनी विचारलं नाही. मामंजींच्या बाबतीत हे फार झालं.

पूजा उत्तम झाली. एक जागा अवघड आली, जिथे हे पाणी सगळ्या प्राण्यांना पिण्यासाठी आणि स्नानासाठी दिलं असं म्हणायचं असतं. मामंजी थांबले. विहिरीत एकदा डोकावले. मग पिणं आणि स्नान गाळून त्यांनी शेतं आणि झाडं घातली. खोटं बोलायचं नाही, संस्कृतातही नाही. नंतर त्यांनी डबी उघडली, तिच्यातून काहीतरी काढून माझ्याकडे पाठ करून विहिरीत सोडलं. तीनदा डुबुक असा आवाज आला. मला वाटलं सुपारी असेल.

साहेबांनी दारातूनच हात लांब करून बटण दाबलं. पंप गुरगुरला, पाणी चढलं, घाटावरच्या पायरीवरचा ओघळ बारीक झाला आणि थांबला. चाचांनी "हर हर महादेव" केलं. मामंजी त्या कोरड्या होत जाणाऱ्या पायरीकडे, नवं खेळणं बघावं तसे बघत होते.

पाव तासानं आतून असा आवाज आला, की खलबत्त्यात कुणी दगड घालून कुटतंय. मग पंप थांबला.

साहेबांचा रुमाल खाली आला. "जाली साफ नहीं की होगी!" ते चाचांवर ओरडले. "नया पंप! सस्पेंड करवाऊँगा!"

 चाचांनी पाने काढले, मोटर बंद असल्याची दोनदा खात्री केली आणि पंपाचं झाकण उघडायला बसले. तासभर लागला. मामंजी दारात, सोवळ्यातच, भिंतीला टेकून उभे होते. मी विचार करत होते: उद्या पहाट. उद्या पहाटे पायरीवर पुन्हा नाला.

शेवटी चाचांनी आत हात घातला आणि पंख्यात अडकलेली वस्तू ओढून काढली. पाठीमागे मी होते म्हणून मला दिसली. तळहाताएवढं, भरीव, तांब्याचं कासव. एक पाय वाकलेला.

चाचांनी कासवाकडे बघितलं, मग दाराकडे, सोवळ्यातल्या म्हाताऱ्या माणसाकडे. मग ते कासव त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकलं.

"पत्थर था, साहब."

"जाली के रहते पत्थर कैसे आया? तुम्हारी लापरवाही है. अभी लिखता हूँ." साहेबांनी खरंच पेन काढलं.

पोथीत लिहिलेलं असतं, की नव्या जलाशयात पाण्यातल्या प्राण्यांच्या प्रतिमा सोडाव्यात: कासव, मासा, खेकडा. हे मला नंतर कळलं. आत्ता मला एवढंच दिसत होतं की दोन माणसं गप्प आहेत आणि दोघांनाही खरं माहीत आहे. चाचांची नोकरी जाणार होती. मामंजींनी खरं सांगितलं तर सरकारी पंप मोडणारे वैदिक म्हणून ते घाटभर गाजणार होते.

"पत्थर नव्हे," मामंजी मराठीतच म्हणाले. मग हिंदीत आले. "पत्थर नहीं था. कछुआ था."

"कछुआ? किसका कछुआ?"

"हमारे घर का. मैंने डाला. मासा आणि खेकडा पण टाकलाय," हे शेवटचं माझ्याकडे बघून, गुन्ह्याची पूर्ण कबुली द्यावी तसं.

"अरे पंडितजी," चाचा कपाळाला हात लावून म्हणाले, "हम तो बचा रहे थे आपको!"

"मला कशाला वाचवतोस? नोकरी तुझी आहे."

साहेबांनी पेन हवेतच धरलं होतं. त्यांना मोठा प्रश्न पडला होता. स्वतः पूजेचा आग्रह धरलेला, भटजी स्वतः मान्य केलेला. रिपोर्टात लिहायचं काय? बराच विचार करून त्यांनी लिहिलं: "कारण: कछुआ." त्या दिवसांत गंगा स्वच्छ करायला सरकार नदीत खरी कासवं सोडत असे. महिन्याभरानं वरच्या कचेरीतून पत्र आलं, की सदर कासव जिवंत आहे काय. साहेबांनी उत्तर पाठवलं, की किरकोळ जखमी आहे.

पंख्याच्या एका पात्याचा टवका उडाला होता, पण चाचांनी ते कानसीनं घासून बसवलं आणि संध्याकाळच्या आत पंप पुन्हा गुरगुरू लागला. मासा आणि खेकडा लहान, ते केव्हाच पार झाले होते. मासा चांदीचा होता. आमच्या केंद्रातल्या वाळूच्या हौदावर मी पुढची काही वर्षं लक्ष ठेवून होते. मिळाला नाही. कुणाच्या तरी वांग्याच्या शेतात असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे, कार्तिकाच्या पहिल्या स्नानाला, मी मामंजींचा हात धरून पायऱ्या उतरले. अंधार होता, थंडी होती, पंपाचा आवाज येत होता. मामंजींनी पायरीवर पंचा ठेवला, शेंडी सोडली, आणि घाटावरचे सगळे दिवे गेले. बनारसची वीज. पंप गप्प.

मामंजी एका पायावर तसेच उभे.

वर पंपघराच्या खिडकीतून चाचांचा आवाज आला. "पंडितजी! अभी कुआँ खाली है. भरने में आधा घंटा लगेगा. नहा लीजिए, नहा लीजिए!"

मामंजींनी माझ्याकडे बघितलं. "हे शास्त्राप्रमाणे बरोबर आहे?"

"हिशेबाप्रमाणे बरोबर आहे, मामंजी. विहीर भरून ओसंडेपर्यंत नाला येत नाही."

ते उतरले. तीन बुड्या मारल्या, अर्घ्य दिलं, आणि आयुष्यात प्रथमच घाईनं संकल्प म्हटला. मी घड्याळ धरून काठावर उभी होते. अठरा मिनिटं लागली. वर आले तेव्हा दात वाजत होते आणि चेहरा असा, की मी नजर वळवून रामनगरच्या दिशेला फटफटत होतं तिकडे बघत राहिले.

घरी आलो. जाऊबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मामंजींना कोरडी शाल दिली, चहा दिला आणि मग, अगदी सहज, विचारलं, "मामंजी, एक शंका होती. काल तुम्ही त्या पंपघरात जाऊन बसलात. मग ही तिथून आली तर ओवळी कशी?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

मामंजींनी डोळे मिटले. मला त्यांची ती मिटलेली मुद्रा आजही दिसते. "त्या कूपाची प्रतिष्ठा झाली आहे," ते हळूहळू म्हणाले. "प्रतिष्ठित विहिरीवरून आलेली सून ओवळी नसते. हात धुवावेत." मुद्दा बिनतोड होता. तो मानायची घराण्याची शिस्त होती.

जाऊबाईंनी पोळपाट माझ्याकडे सरकवला.

कासवाचं काय करायचं, हा प्रश्न राहिला. मामंजी म्हणाले, एकदा दिलेलं परत घ्यायचं नसतं. चाचांनी ते पंपाच्या बटणांच्या पेटीवर ठेवलं, वाकलेला पाय भिंतीकडे करून, आणि रोज एक झेंडू वाहू लागले. मामंजी त्यानंतर सहा कार्तिक जगले. रोज पहाटे पायरीवर उभं राहून ते वर खिडकीकडे ओरडायचे, "काय म्हणतंय आमचं कासव?" आतून उत्तर यायचं, "चल रहा है, पंडितजी!" मगच ते पाण्यात पाय घालायचे. ज्या दिवशी उत्तर येत नसे, त्या दिवशी पंचा खांद्यावर घेऊन पायरीवर बसून राहायचे, वीज येईपर्यंत.

हे पहाटेचं ओरडणं मी ऐकीव सांगते आहे. त्या वेळी मी घरात पोळ्या लाटत असे.